रकाना

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत मी टॉवेल तपासते.
उजेडापुढे धरायचा, बोट फिरवायचं.
तुटका धागा, सुटली गाठ, तेलाचा डाग
सापडला की बाजूला.
सव्वीस वर्षं झाली. डोळे आता
लग्नपत्रिकेतसुद्धा चूक शोधतात.

रविवारी सुट्टी. रविवारी बालगृहात गणित.
सातवीपर्यंतचं मला येतं,
आठवीचं शनिवारी रात्री
आधी माझं मी शिकते.

पहिल्यांदा गेले ती केक घेऊन.
भाच्याचा वाढदिवस.
मुलं ओळीत बसली, टाळ्या वाजवल्या,
गाणं म्हटलं, एकदम तालात,
आणि डोळे केकवरही नाहीत, भाच्यावरही नाहीत.
त्या महिन्यातलं नववं गाणं होतं ते.
नऊ परक्यांचे वाढदिवस,
आणि सहावीतल्या रेवणसिद्धचा नऊचा पाढा
नऊ पाचे पंचेचाळीसपाशी अडकलेला.

त्यानंतर केक नाही.
अपूर्णांकांसाठी चादर नेली.
एक घडी, निम्मी. दुसरी, पाव.
“अजून घाला, अक्का.”
सहाव्या घडीला भुवना तिच्यावर चढून बसली.
“एक चौसष्टांश,” मी म्हटलं.
“कमी कुठं झाली? जाडच झाली की,” ती म्हणाली.
मी घरी आले. आठवडाभर
टॉवेल तपासताना तेच डोक्यात.

लसावि नळानं शिकवला.
पाणी दर चौथ्या दिवशी येतं, मी दर सातव्या.
आज दोघं एकदम आलो, तर पुन्हा कधी?
मल्लम्मानं बोटं मोजली, भिंतीवर रेघा मारल्या,
“अठ्ठावीस!” म्हणून ओरडली
आणि त्याच दमात कळशी उचलून पळाली,
कारण पाणी खरंच आलं होतं.
फळ्यावर अर्धं गणित,
बाहेर बादल्यांचा आवाज,
पत्र्याखाली मी आणि एप्रिल.

देणगी मी देत नाही. पगारच तेवढा नाही.
वह्या देते, दोनरेघी,
आणि पुढच्या रविवारी
त्या भरल्या का, ते बघते.
रागावते पण.
बिराजदार बाई म्हणतात, बिचाऱ्यांवर ओरडू नका हो.
बिचारा म्हटलं की बेरीज चुकली तरी चालते,
म्हणून मी त्यांना बिचारं म्हणत नाही.

परवा रेवणसिद्धनं प्रगतिपुस्तक पुढे केलं.
बाई रजेवर, उद्याच द्यायचं होतं.
पालकाची सही.
मी केली, तेलुगूत, आईनं शिकवली तशी.
खाली रकाना : विद्यार्थ्याशी नाते.
पेन तिथं थांबलं.
मावशी लिहू? आत्या? खोटं कशाला?
शिक्षिका लिहावं, तर माझं शिक्षण दहावी नापास.

त्यानं पेन काढून घेतलं,
जीभ दातांत धरून लिहिलं
आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.
‘रवीवार.’

मी ते खिडकीपाशी नेलं,
उजेडात धरलं, बोट फिरवलं.
दुसरीकडे काही सापडलं नाही.
‘वि’ ऱ्हस्व असतो, म्हटलं.
तेवढा खोडून
नीट लिहून घेतला.