कोरी तापी

सावळद्याच्या पुलाखाली बसून
हिलाल सरांनी काढलेलं शेवटचं चित्र:
घड उतरवल्यावर आडवी पाडलेली केळ
(एकदाच निसवते ती),
तिच्या कापल्या बुंध्याशी
हिरवा, सुरीसारखा मुनवा.
पलीकडे धुराचा एक ठिपका,
चूल की चिता, कळत नाही.

नदीला रंगच नाही. नुसता कागद.
‘सर, तापी राहिली,’ मी म्हणालो.
ब्रश झटकत म्हणाले,
‘ऱ्हाऊ दे. माले तठेनच जानं शे.’

चौदा वर्षं ते शाळेच्या भिंतीवर आहे.
काच तडकली, कोपऱ्यात वाळवीची रेघ.
ओलीनं कागद पिवळा पडत चाललाय.
न रंगवलेली ती नदी
दरसाल थोडी गढूळ होत
भरत येते.