खिडकीवाली खोली

दुपारी दीडला फोन. बाहेर सेहेचाळीस डिग्री,
कूलरचा पंप बसलेला, वाळ्याला नुसता कोरडा वास.
पोरगी गोड बोलून राहिली होती,
"आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, मॅडम?
एक ते पाचमध्ये सांगा."

मोजमापाचं मला लवकर समजत नाही, बाई.
ते ह्यांचं काम.
बर्डीवर, जिन्याखाली, दोन हात रुंद दुकानात
चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून
ह्यांनी लोकांच्या घड्याळांतली धूळ काढली.
तांदळाच्या कणीएवढा स्क्रू ह्यांना दिसतो.
पॉलिसीचं अठरावं पान दिसलं नाही.

उमाकांत आला होता, माझ्या चुलतनणंदेचा जावई.
"कॅशलेस आहे, मामी.
हात हलवत जायचं, हात हलवत यायचं."
पेन्सिलीच्या फुल्या होत्या तिथं सह्या केल्या. सात.
तो दोन ग्लास पन्हं प्यायला
आणि फोल्डर ठेवून गेला, निळं, बटणाचं.
छान होतं फोल्डर.

चार महिन्यांत हर्निया निघाला.
दोन वर्षं व्हायची आहेत मामा, थांबा, उमाकांत म्हणाला.
आतडं कसं थांबवतात ते मग आम्ही शिकलो :
पट्टा बांधून, एका कुशीवर निजून,
खोकला आला की पोटावर तळहात दाबून.
घड्याळजीच तो. दिवस मोजता येतात त्याला.

धंतोलीत काउंटरवर विचारलं, खोली कोणती?
एक होती बिनखिडकीची.
बंद जागेत ह्यांचा जीव घाबरतो
(चाळीस वर्षं जिन्याखाली काढली,
कोणाला खरं वाटणार नाही).
मी म्हटलं, खिडकीवाली द्या.
काय दिसायचं तिच्यातून?
अर्धा कडुनिंब, डॉक्टरांच्या गाडीचं टप,
आणि लांबवर मेट्रो.
हे मनगट डोळ्यांसमोर धरून म्हणायचे,
"हिला दोन मिनिटं उशीर झाला."

सुट्टी मिळाली सकाळी नऊला,
मंजुरी आली रात्री पावणेआठला.
खोलीची मर्यादा तीन हजार, आमची साडेचार.
वरचे दीड मी देते ना, चार दिवसांचे सहा, मी म्हटलं.
तसं नसते, ताई.
खोली जास्तीची घेतली, तर सगळंच जास्तीचं धरतात.
सर्जनच्या तीनातले दोन भाग मंजूर.
थिएटरचे तीनातले दोन.
भूल देणाऱ्याचेही तेवढेच.
भूल तरी पुरी दिली होती ना, विचारावंसं वाटलं.
कापूस, हातमोजे, ते तर मोजलेच नाहीत.
एकूण अडतीस हजार चारशे आमच्या अंगावर.
छिंदवाड्याच्या जावयानं लगेच पाठवले
आणि एक शब्द बोलला नाही.
ते न बोलणं अजून घरातच आहे.

त्या रात्री ह्यांनी भिंग काढलं.
अठरावं पान ट्यूबलाइटखाली धरलं,
इंग्रजी, अडखळत, बोट ठेवून.
मग म्हणाले, "लिहिलेलं होतं बरं का,"
जसे गिऱ्हाइकाला सांगत,
घड्याळ चांगलं आहे, चावीच दिली नाही तुम्ही.
मला राग आला. कागदाचा नाही,
ह्यांच्या त्या आवाजाचा.

"मॅडम? एक ते पाच?"
तुझं नाव काय ग?
"रेवती."
तुझा आहे का विमा, रेवती?
"आहे ना, कंपनीच काढते."
खोलीची मर्यादा किती त्याच्यात?

ती थांबली. तिच्या मागं पाचपन्नास पोरी
एका सुरात कोणाकोणाला समाधान विचारून राहिल्या होत्या.
"बघावं लागेल, काकू."

मॅडमची काकू झाले.
बघ म्हटलं, बाई. आजच बघ.
आणि माझे तीन लिही. नाही, थांब,
माणूस घरी आहे, भाकर खाऊन
सरळ पाठीवर झोपला आहे दोन वर्षांनी.
त्याचे चार लिही.
अन् खिडकीचे वेगळे, ते कुठं लिहितात?

"त्याला बटण नाही, काकू."