तक्रार : गार होत नाही

फोनवर सगळे एकच सांगतात,
गार होत नाही.
मी म्हणतो, आधी रिमोट बघा,
पंख्याच्या चित्रावर आहे की बर्फाच्या फुलावर?
अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात,
आणि माझे भेटीचे अडीचशे रुपयेही.

उरलेल्यांसाठी स्कूटर काढतो.
उभादांड्यापासून खवण्यापर्यंत
पिशवीत दोन पाने, जुना टूथब्रश,
साबणाच्या पाण्याची बाटली
आणि कपॅसिटर, जे इथे शेंगदाण्यासारखे खपतात.

जाळी काढली की नुसती धूळ नसते.
खारी पूड, सुरूच्या वाळल्या काड्या,
बांगडे तळल्याचा तेलकट थर.
दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरा, सांगतो.
माना सगळे हलवतात.

आत पाणी ठिबकत असेल
तर बाहेर जाऊन नळीचं तोंड बघावं.
कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं.
तार घालण्याआधी मी एक टिचकी मारतो,
कोणी घरात असेल तर निघून जाऊ दे.

बाहेरच्या डब्याचं काय सांगू.
दर्याकडे तोंड करून टांगलात
तर चौथ्या वर्षी पत्रा पापडासारखा मोडतो,
पात्यांची पूड बोटाला लागते.
नळीला साबण फासायचा आणि वाट बघायची.
बुडबुडा आला की गॅस तिथून जातोय.
मला तो क्षण आवडतो.
आजार स्वतःहून हात वर करतो,
असं माणसांत कुठे होतं.

संध्याकाळी सात ते दहा
व्होल्टेज एकशे साठ.
कॉम्प्रेसर एकदा हुंकारतो आणि गप्प बसतो.
त्यावर माझ्याकडे इलाज नाही.
लोकांना वाटतं, मी लपवतोय.

मोचेमाडला हरेश्वर कुबल.
बत्तीस वर्षं लाँचवर तांडेल, आता गुडघे गेलेले.
मुलगा मस्कतला,
त्याने तिथूनच पैसे भरून एसी बसवला.
तीन आठवड्यांत तीन तक्रारी.
पहिल्यांदा जाळी धुतली.
दुसऱ्यांदा कपॅसिटर बदलला,
खरं तर गरज नव्हती, पण काहीतरी करायला हवं होतं.
तिसऱ्यांदा गॅस मोजला, भरलेला.
व्होल्टेज दोनशे वीस.
वाऱ्याच्या तोंडाशी तेरा अंश,
खोलीत एकोणतीस.

थकून त्यांच्या खाटेवर टेकलो
तेव्हा मानेवर दमट, ऊन श्वास आला.
पडद्यामागे पश्चिमेची खिडकी
चार बोटं उघडी.
फटीत जुन्या चपलेचा तुकडा,
सरकू नये म्हणून ठोकून बसवलेला.

"काका, ही लावा की."

"लावलंय रे पयल्या राती.
पण दर्याचो आवाजच बंद झालो.
बोटीवर आवाज बंद झालो
तर माणूस झोपणा नाय, उठता."

मग बराच वेळ दोघंही बोललो नाही.
एसी चालू होता. दर्याही.

कंपनीच्या कागदावर तीन चौकटी असतात,
दोष, कारण, उपाय.
पहिलीतच पेन अडलं.
मी चपलेचा तुकडा काढला,
पिशवीतलं रबरी बूच कापून तिथे बसवलं.
चार बोटांची दोन झाली.
त्यांनी डोळे मिटून कान दिला,
आपल्या इंजिनाला देत असतील तसा,
आणि म्हणाले, "चलात."

तेवढ्यात मस्कतहून फोन.
"झाला का दुरुस्त? गार होतंय?"
"होता, होता," काका खाटेवरूनच ओरडले,
जणू मस्कत पुढल्या होडीत आहे.

घरी येऊन माझ्या वहीत लिहिलं,
कुबल, मोचेमाड. फट निम्मी केली.
सुटे भाग : बूच एक.
खोली सव्वीस.
अडीचशे घेतले.
कपॅसिटरचे परत करायचे आहेत.