थोडी हवा आत ठेवून

कडमतहून कोचीला बोट, कोचीहून ट्रक,
मग नाशिक फाट्याच्या कोंडीत दीड तास,
असे बावीस सिलिंडर आले भोसरीत, आमच्या शेडमध्ये.
लांडगेनं पावतीवर लिहिलं: पाणबुड्यांची नळकांडी, नग बावीस.
इनामदार सर म्हणाले, स्कूबा लिही.
त्यानं स्कुबा लिहिलं, ऱ्हस्व.
सरांनी पेन काढून दीर्घ केलं.

समुद्र मी पाहिलाय. हरिहरेश्वरला, गुडघ्यापर्यंत.
सहल होती, गुरुजींनी पुढं जाऊ दिलं नाही.
पण व्हॉल्व्ह सैल केला
की सिलिंडर जो उसासा टाकतो
तो कडमतचा असतो.
वास कशाचाच नाही. गाळलेली हवा.
तरी दरवेळी नाक जवळ नेतो.

एकावर पोपटमाशाचं चित्र चिकटवलेलं, अर्धं सोललेलं.
कोयाभाई फोनवर म्हणाले होते,
हा मासा पोवळी कुरतडून खातो
आणि मागनं वाळू टाकतो.
आमची अर्धी चौपाटी म्हणजे त्याचंच शेण.
मी हसलो, ते हसले नाहीत.
तिथं ही साधी माहिती आहे.

आमचं काम असं:
आत पाणी भरायचं, टाकीत बुडवायचं,
आणि दाब चढवत न्यायचा, तीनशे तेहेतीस बार.
तेवढा दाब समुद्रात तीन किलोमीटर खाली.
कोयाभाईंची गिऱ्हाइकं अठरा मीटरवर मासे बघून परत येतात.
दाबाखाली सिलिंडर फुगतो.
डोळ्याला दिसत नाही, काचेच्या नळीतलं पाणी चढतं ते दिसतं.
मग दाब सोडायचा.
पहिल्यासारखा झाला तर पास.
फुगलेलाच राहिला तर नापास.
आमची निम्मी भावकी नापास होईल, लांडगे म्हणतो.

माझ्या बोटात पोवळं आहे, मंगळाचं.
लग्न जमेना तेव्हा आईनं लक्ष्मी रोडवरून आणलं, चांदीत बसवून.
लेथवर असताना काढून शर्टाच्या खिशात ठेवतो.
लग्न झालं, मोडलं, पोवळं राहिलं.

परवा कोयाभाईंचा फोन. यंदा पाणी फार तापलं म्हणाले.
एप्रिलपासून पोवळी पांढरी पडतायत.
पांढरी म्हणजे?
थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, म्हणजे हाडं.
गिऱ्हाइकं फोटो काढतात, म्हणतात किती स्वच्छ आहे.
मी खिसा चाचपला.
अंगठी होती. लाल.

तीन हजार एकाहत्तर नंबरच्या आट्यांत चीर निघाली.
केसाएवढी. बॅटरी आत सोडून दोनदा पाहिली,
तिसऱ्यांदा लांडगेला दाखवली.
नियम आहे, कापायचा, पुन्हा कुणी भरू नये असा.
पोपटमासा त्याच्यावरच होता.
मी जरा खालून कापला.
वरचा अर्धा आता साखळीनं गर्डरला लटकतो,
साडेदहाला लांडगे पान्यानं ठोकतो, चहा.
आवाज लांब जातो, आणि थांबल्यावरही
पत्र्यात थोडा उरतो.
शेजारच्या स्प्रिंग कारखान्यातले कान देतात,
त्यांचाही चहा तेव्हाच.

राहिले एकवीस.
वाळवले, खांद्यावर तारीख ठोकली,
आणि थोडी हवा आत ठेवून बंद केले.
ओल शिरू नये म्हणून ठेवावी लागते.
हवा भोसरीचीच. कूलंट, रंगाची भट्टी,
कोपऱ्यावरचा वडापाव,
सगळं फिल्टरनं काढून उरेल तेवढी.

कोयाभाई ती आधी सोडून देतात, मग नवी भरतात.
बरोबरच आहे.
या खेपेला मीच फोन केला.
म्हटलं, एक सिलिंडर वरच उघडू नका.
खाली न्या, त्या पांढऱ्यांच्या जवळ,
आणि तिथं सोडा, हळूहळू.
बुडबुडे वर जाईपर्यंत थांबा.

का, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, टेस्टमध्येच येतं ते.
पावतीत नाही धरलेलं.