बद्माकर तिबनीस

अरबीत प नाही.
म्हणून तेहेतीस वर्षं मी मनामात बद्माकर आहे,
ट नाही म्हणून तिबनीस.
पहिल्या वर्षी प्रत्येक खिडकीशी भांडलो,
ओठ घट्ट मिटून फट्‌दिशी उघडून दाखवायचो, प, प.
आतला माणूस हसायचा, ब, ब, खलास.
कोपऱ्यावरचा इराणी बेकरीवाला म्हणाला होता,
आमच्याकडे आहे तुझं अक्षर,
हीच नाव, फक्त खाली तीन टिंबं.
परवा महाडच्या बँकेतून फोन आला, पद्माकर टिपणीस का?
आणि मी मागे वळून पाहिलं
कोणाला विचारतायत ते.

गुदैबियात लाँड्रीच्या शेजारी माझं टायपिंग सेंटर.
लोकांची आयुष्यं चौकटीत भरतो.
वडिलांचं नाव, अंगावरची खूण, जन्मतारीख.
माझी एक जून. ती पोंक्षे गुरुजींनी दिलेली,
आमच्या वर्गात एकोणीस जण त्याच दिवशी जन्मले.
आई सांगायची, तू झालास तेव्हा सावित्री चढली होती,
सुईण होडीतून आली.
साल कुठलं, तिथी कुठली, ते आईबरोबर गेलं.
आता एक जूनला बँक शुभेच्छा पाठवते, शाल्मली केक आणते
आणि त्या सकाळी गुडघे खरंच
एका वर्षानं जास्त दुखतात.

मी आलो तेव्हा समुद्र
या चौकाच्या पलीकडे लागायचा.
आता तिथे काचेच्या इमारती, पाणी दिसतच नाही.
शाल्मली म्हणते, बाबा, इथे कधीच समुद्र नव्हता.
ती इथेच जन्मली, तिचं ऐकावं लागतं.
मला चपलेत अडकलेला शिंपला आठवतो,
पण तो इथला की श्रीवर्धनचा,
शपथेवर नाही सांगता यायचं.
भराव काय फक्त समुद्रातच टाकतात?

तरी एक गोष्ट पक्की होती.
पहिली रात्र. खोलीत आठ जण,
खिडकीतला एसी थंडीनं थडथडत होता
आणि माझ्याकडे अंगावरच्या शर्टाशिवाय काही नाही.
वरच्या बंकवरून कुंजुमोननं न बोलता
आपलं तपकिरी ब्लँकेट खाली सोडलं.
ही गोष्ट मी बायकोला सांगितली, मुलीला सांगितली,
नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराला सांगितली
आणि सांगून झाल्यावर त्याला काहीतरी दिलं,
जेवण, तिकिटाचे पैसे, कधी नुसती उशी.
आयुष्यभर फेडत राहिलो.

गेल्या शुक्रवारी कोट्टयमहून कुंजुमोनचा फोन.
खोकत, रडत म्हणाला,
त्या रात्री तू मला ब्लँकेट दिलंस, विसरलो नाही हं.
मी? अरे, तू दिलंस.
छे, वरच्या बंकवर तू होतास.

दोघं गप्प. लाइनवर नुसता वारा.
मग तो म्हणाला, म्हणूनच तर मी पुढे सगळ्यांना...
आणि थांबला.

रात्री कपाट उघडलं.
ब्लँकेट आहे. कोपऱ्यात इस्त्रीनं जळलेलं भोक.
माझं असेल तर माझ्याकडे असणारच.
त्याचं असेल तरी, तो गेला तेव्हा ठेवून गेला असेल.
नाकाशी धरलं. डांबरगोळ्या.
टिपणीस म्हणजे टिपणं ठेवणारा,
आमच्या घराण्यात हिशेब चुकत नसे म्हणतात.

आज सकाळी एक पोरगा आला, काठमांडूपलीकडचा,
हातात नवा पासपोर्ट, कोरा वास येणारा.
नाव विचारलं.
ओठ मिटून, नीट उघडून म्हणाला, पूर्णबहादूर.
मी ब दाबला. दुसरं बटणच नाही.
त्याची प्रत काढली, शिक्का मारला,
आणि देण्याआधी, का कोण जाणे,
पेनानं नावेखाली
आणखी दोन टिंबं काढली.
कुठल्याच खिडकीवर ती चालणार नाहीत.
त्याला विचारलं, रात्री पांघरायला आहे ना काही?