डावा बॅक

उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या खोलीत
निवडीला आमचा नंबर चौथा.
वहीत रात्रीच लिहून ठेवलेलं: डावा बॅक.
खाली दोन रेघा.
गेल्या सीझनात त्याच बाजूनं सात गोल खाल्ले,
कॅम्पात लोक मला चहासुद्धा सुखानं पिऊ देईनात.

पण यादीत अजून होता इलियास मकानदार,
उजवा विंगर.
उजवीकडं तिघे आधीच आहेत आमच्याकडे, बाकावर बसून.
त्याला लेले मैदानावर पाहिलंय मी:
बॉलवर पाय ठेवून असा थांबतो
की समोरचा आपोआप घसरतो.

मालक म्हणाले, 'मास्तर, साचा बघून ओतायचं.
लोखंड कितीबी चांगलं असूदे.'
बरोबरच की.
हलग्याचा यल्लाप्पा दाराशी उभा, डाव्या पायाचा.
कधी चुकत नाही, कधी चमकत नाही.
मीही असाच खेळायचो.

घड्याळात अर्धं मिनिट.
मी मकानदारचं नाव घेतलं.

जिन्यात यल्लाप्पानं गाठलं.
'चांगलं केलासा सर,
मीबी त्यालाच घेतलो असतो.'
आणि हातमोजे चढवत
खाली भट्टीकडं गेला, रात्रपाळीला.