चार बोटं

दिवाडीला, इनास फिटरच्या अंगणात
ती माडाला टेकवलेली नव्हती.
आडव्या सायकलीला टेकवता येत नाही.
पसरली होती, जेवून झोपलेल्या माणसासारखी.

दोन जुन्या सायकली कापून एक केलेली,
साखळी मात्र अडीच सायकलींची.
बसायला आरामखुर्चीचा कॅनव्हास.
"बसायला न्हय," जुझेफिन म्हणाली, "पडायला."

कंबर गेली त्या वर्षी केली त्यानं.
डॉक्टर म्हणाला, झोपून राहा.
हा झोपूनच मासळीला जायचा,
झोपूनच मिसाला.
कुत्री भुंकून भुंकून कंटाळली.

मी म्हटलं, माझेही दोन मणके सरकलेत.
म्हणाली, मग चार हजार.
मी अडीच म्हटलं.
तिनं वाकून पाठीमागची उशी काढून घेतली.
अडीचात उशी येत नाही.

आडवा झालो.
वर झावळ्या, विजेची तार, एक घार.
पाय पेडलला चार बोटं कमी.
"उंच होता," ती म्हणाली,
"आडवा पडला की आणखीच."

ढकलत फेरीबोटीवर नेली.
खलाशी विचारतो, सायकल लिहू की पेशंट?

रायबंदरचा वेल्डर म्हणतो, नळी कापू,
पाच मिनिटांचं काम.
उद्या, म्हणतो मी. तीन महिने झाले.
सपाटीवर अंगठे ताणून पोचतो,
चढावर उतरतो.

मग एकदा लक्षात आलं:
पाठीशी उशी असती तर पोचलो असतो.

रविवारी दीड हजार घेऊन गेलो.
जुझेफिन बाल्कांवात बसली होती,
उशीला टेकून.

बांगडे कसे आहेत यंदा, एवढं विचारलं
आणि परत फेरी धरली.